मिठाचा साबण, नारळाचा गुण

प्रदर्शनात साबणाच्या वड्या मांडून बसलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “ह्यात खरं समुद्राचं मीठ आहे ना?” आहे. शिरोड्याच्या मिठागरातलं आहे आणि वडीच्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा नुसतं मीठच आहे. हे ऐकून गिऱ्हाईक खूश होतं, वडी नाकाशी नेतं आणि दुसरा प्रश्न विचारतं, “म्हणजे त्यातली खनिजं त्वचेत मुरत असतील, नाही?” इथे माझी पंचाईत होते. मुरत नाहीत. साबण अंगावर फार तर मिनिटभर राहतो, मग मोरीतून बाहेर पडतो आणि आमच्याकडे तरी तो थेट माडाच्या आळ्यात जातो. खनिजांचा लाभ कुणाला झालाच तर तो माडाला होतो.

साबण विकणाऱ्या बाईने हे असं सांगावं का, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. यजमान म्हणतात, “विचारलं त्याला हो म्हण आणि वडी बांधून दे.” माझं तसं होत नाही. पदवी रसायनशास्त्राची आहे हे एक कारण. आणि दुसरं, मिठाच्या साबणाचा गुण खोटा नाही, फक्त लोक तो शोधतात तिथे तो नसतो.

ह्या धंद्यात मी शिरले ती मिठामुळे नव्हे, नारळामुळे. वेंगुर्ले तालुक्यात सासरी आले तेव्हा माडाची बाग होती आणि सुक्या खोबऱ्याला व्यापारी सांगेल तो भाव होता. घाण्यावर नेऊन तेल काढून आणावं तर ते गावात कोण घेणार? ज्याच्या त्याच्या घरी डबे भरलेले. डब्यात पडून राहिलेल्या तेलाचं काय करायचं, या विचारातून कॉलेजात केलेला साबणाचा प्रयोग आठवला. पुस्तकात एक ओळ असते : तेल अधिक अल्कली, बरोबर साबण अधिक ग्लिसरीन. ती ओळ स्वयंपाकघरात उतरवताना किती भांडी, किती उन्हाळे आणि घरच्यांचा किती धीर खर्ची पडतो, ते पुस्तकात नसतं.

खोबरेलाचा साबण म्हणजे दुधारी प्रकरण. या तेलातला जवळपास निम्मा भाग लॉरिक आम्लाचा. त्याचा साबण पांढराशुभ्र, टणक, भरपूर फेसाचा होतो. पण तो मळाबरोबर अंगचं तेलही ओरपून नेतो. आंघोळीनंतर गालांची कातडी ओढल्यासारखी वाटते, पोटऱ्यांवर नखाने रेघ मारली तर पांढरी उमटते. ह्यावर उपाय कॉस्टिक सोड्याच्या हिशेबात आहे. एक किलो खोबरेलाचा पूर्ण साबण व्हायला साधारण १८३ ग्रॅम कॉस्टिक लागतो. तेवढा न घालता थोडा हात राखून घालायचा, म्हणजे काही तेल साबण न होता मोकळं राहतं आणि कातडीला सांभाळून घेतं. मिश्र तेलांच्या साबणात पाच टक्के तेल मोकळं ठेवलं तरी भागतं. नुसत्या खोबरेलात मी वीस टक्के ठेवते; म्हणजे १८३ च्या जागी १४६ ग्रॅम. माझ्या साबणाच्या मऊपणाबद्दल लोक जे काही चांगलं बोलतात, त्याचं बरंचसं श्रेय ह्या न घातलेल्या ३७ ग्रॅमला आहे. पण “कमी कॉस्टिकचा साबण” असं कागदावर लिहून कोण घेणार?

मीठ आलं ते चुलत सासऱ्यांच्या बोलण्यातून. ते उमेदीच्या वयात मालवाहू जहाजांवर खलाशी होते. माझ्या वड्या पडवीत वाळत मांडलेल्या पाहून एकदा म्हणाले, “जहाजार खाऱ्या पाण्याचो साबण येगळो गावायचो. गोडा पाणी आंघोळीक कोण देता?” जहाजावर पिण्याचं पाणी मोजून मिळे, अंग धुणं समुद्राच्या पाण्यात. त्या पाण्यात नेहमीच्या साबणाला फेस येत नाही. एक तर समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. साबणाशी त्यांची गाठ पडली की न विरघळणारा चिकट साका तयार होतो, बोअरच्या जड पाण्यात बादलीला बसतो तोच. दुसरं म्हणजे, पाण्यात सोडियम आधीच इतकं असतं की सोडियमचाच बनलेला साबण त्यात विरघळायला मागत नाही. मोठ्या कारखान्यांत साबण उकळताना ह्याच गोष्टीचा फायदा घेत आलेत : कढईत मीठ ओतलं की साबण वर तरंगतो, ग्लिसरीन आणि उरलेली अल्कली मिठाच्या पाण्याबरोबर खाली जाते. थोडक्यात, मीठ हा साबणाला पाण्यातून हुसकावणारा पदार्थ आहे.

मिठापुढे सगळ्यात चांगला टिकाव धरतो तो लॉरिक आम्लाचा साबण. म्हणून खलाशांचा साबण खोबरेलाचा असे, आणि म्हणूनच वडीत मीठ घालायचं तर तेल खोबरेलच लागतं. मी करंजेलाचा भाग वाढवून पाहिला. त्या वडीने फेस दिलाच नाही, नुसती बुळबुळ दिली. शेंगदाण्याच्या तेलाची तीच गत. तेव्हा इंटरनेटवर बघून सूर्यफुलाच्या तेलात मीठ घालणाऱ्या मैत्रिणींना मी फोनवरच थांबवते.

आता मीठ नेमकं करतं काय? वडी दगडासारखी कडक होते आणि पुष्कळ दिवस पुरते. खोबरेलाचा तो दांडगा, मोठ्या बुडबुड्यांचा फेस मीठ दाबून टाकतं आणि त्याच्या जागी दाट, सायीच्या जातीचा बारीक फेस येतो. साबण वडीतून बेताने सुटतो, त्यामुळे अंगावर तो कमीच लागतो. पहिल्या दोन-तीन आंघोळींत कडा खरखरीत वाटतात. मग पाणी वरचे कण विरघळवतं आणि पृष्ठभाग गुळगुळीत होतो. अंगाला जो मऊपणा जाणवतो तो मोकळ्या तेलाचा, थोड्या घासण्याचा आणि साबण कमी लागल्याचा. चेहऱ्यावर तेल सुटणाऱ्या मुलांना तो बरा वाटतो, आणि कोरड्या कातडीच्या माणसांना थंडीत नकोसा होतो. शेवटी तो साबणच. त्याचा सामू नऊ-दहाच्या घरात, आणि निरोगी त्वचेचा पाचच्या आसपास. मीठ घातल्याने अल्कली निवत नाही.

इथे एक गंमत सांगायला हवी. टॉयलेट साबणाच्या भारतीय मानकात पहिल्या प्रतीच्या वडीत एकूण स्निग्धांश किमान ७६ टक्के असावा लागतो, तिसऱ्या प्रतीत ६०. माझी मिठाची वडी पन्नाशीही गाठत नाही. कारखानदाराने वजन वाढवायला शंखजिऱ्याची भुकटी भरली तर आपण नाकं मुरडतो. मी मीठ भरते तर गिऱ्हाईक दुप्पट पैसे मोजतं आणि वर फोटो काढून नेतं. दोन्हीकडे भरती ती भरतीच. माझी भरती निदान काम करते, एवढाच फरक मला दिसतो.

मीठ आणायला मी स्वतः आगरावर जाते. शिरोडं १९३० च्या मे महिन्यातल्या मिठाच्या सत्याग्रहामुळे इतिहासाच्या पुस्तकात आहे. पण पुस्तकाबाहेरची आगरं आता थोडीच उरलीत, बांध फुटलेले कप्पे खारफुटीने घेतलेत. जी चालू आहेत तिथे दिवाळीनंतर बांधबंदिस्ती होते, जमीन पायांनी तुडवून घट्ट करतात आणि भरतीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत घेतात. मग ते एका कप्प्यातून दुसऱ्यात, आटत आटत पुढे. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात. घनता मोजायच्या बोमे मापावर हे पाणी साडेतीन अंशांच्या आतबाहेर भरतं. आटत गेलं की आधी चुना आणि जिप्सम खाली बसतं, २५ अंशांजवळ मीठ धरू लागतं. एकोणतीस-तीसच्या पुढे जे पाणी उरतं ते चवीला कडू, हाताला तेलकट. त्यात मॅग्नेशियम साठलेलं असतं. ते वेळेवर काढून टाकलं नाही तर मीठ कडवट होतं आणि सदा ओलं राहतं. आगरात काम करणाऱ्या बायका मापाची नळी लावत नाहीत. पाण्याचा रंग आणि वर धरणारी पापडी बघून त्या सांगतात, आज मीठ ओढायचं की उद्या.

हे मीठ खाण्यासाठी विकता येत नाही. थेट खाण्याच्या मिठात आयोडीन असलंच पाहिजे, असा नियम २००६ पासून देशभर आहे. म्हणून आमच्याकडचं जाडं मीठ मासळी खारवायला, बर्फाच्या कारखान्याला आणि नारळाच्या आळ्यात जातं. आणि आता थोडंसं माझ्या न्हाणीतल्या पातेल्यात.

आगरातलं मीठ जसंच्या तसं साबणात घालता येत नाही. त्यात गाळ असतो, आणि थोडं ना थोडं ते कडू पाणी दाण्यांना चिकटलेलं असतं. मॅग्नेशियम हवेतलं पाणी ओढतं. वडी पावसाळ्यात घाम फुटल्यासारखी टिपकते, खालच्या कागदाला डबकं धरतं. शिवाय तेच मॅग्नेशियम वडीच्या आतच साबणाशी साका करतं. म्हणून मी मीठ धुते. साध्या पाण्यात धुतलं तर मीठच विरघळून जाईल. तेव्हा आधी पाण्यात मावेल तेवढं मीठ विरघळवून खारं पाणी करायचं आणि त्यात आगरातलं मीठ चोळून धुवायचं. मीठ तसंच राहतं, गाळ आणि मॅग्नेशियम वाहून जातं. मग कडक उन्हात वाळवणं, मिक्सरला फिरवणं, चाळणीने चाळणं. म्हणजे बघा, गिऱ्हाईक ज्या खनिजांसाठी वडी घेतं, तीच खनिजं मी आधी धुऊन काढलेली असतात. ज्याला हे सांगते तो एकदा माझ्याकडे आणि एकदा वडीकडे बघतो. काही जण तरीही घेतात. ते गिऱ्हाईक मग टिकतं.

गुलाबी मिठाचा आग्रह धरणारेही भेटतात. ते पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतलं, रंग लोहाच्या अंशाचा. त्याचे दाणे दगडी असतात, नीट दळले नाहीत तर कातडीवर ओरखडे उठतात. आगर दारात असताना खाणीतलं मीठ विकत आणायचं मला काही कारण दिसत नाही. मृत समुद्राचं म्हणून विकलं जाणारं मीठ तर साबणात मुळीच घालू नये, त्यात मॅग्नेशियमच जास्त. वडी कधी धड वाळायचीच नाही.

घरी करून बघणाऱ्यांसाठी कृती थोडक्यात सांगते, पण त्याआधी धाक घालते. कॉस्टिक सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. ओतलं तर उसळून अंगावर येतं. ॲल्युमिनियमचं पातेलं, जे आपल्या प्रत्येक घरात असतं, ते ह्या कामाला चालत नाही. कॉस्टिक त्याला खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. स्टील किंवा जाड प्लास्टिक घ्या. डोळ्यांवर चष्मा, हातांत मोजे, पोरं आणि मांजरं घराबाहेर. अंगावर उडालं तर लिंबू-व्हिनेगर शोधत बसू नका, नळाखाली बराच वेळ हात धरा.

एक किलो खोबरेल, १४६ ग्रॅम कॉस्टिक, ३२० ग्रॅमच्या आसपास पाणी, ७०० ग्रॅम बारीक मीठ. पाण्यात कॉस्टिक विरघळताना ते चहासारखं तापतं, ते निवू द्यायचं. तेल थंडीत गोठलेलं असेल तर वितळवून घ्यायचं. पंचवीस अंशांच्या खाली आलं की ते थिजतं, आणि आमच्याकडे जानेवारीच्या पहाटे तेवढी थंडी पडते. दोन्ही एकत्र करून घोटायचं. मिश्रण पळीवरून पडताना वर हलकी रेघ उमटली की मीठ घालायचं आणि लगेच साच्यात ओतायचं. इथे रेंगाळायची सोय नाही. मिठाचा साबण भराभर आळतो. मोठ्या लाकडी साच्यात ओतून दुसऱ्या दिवशी कापायला घेतलात तर सुरीखाली वडी नाही, चुरा येतो. दोन-तीन तासांत, अजून गरम असतानाच कापावा लागतो. म्हणून मी सुट्या वाट्यांसारखे सिलिकॉनचे साचे वापरते. मग महिना-दीड महिना वाळवण. जितका जुना तितका फेस चांगला, हे मी पुष्कळ वड्या बघून सांगते. जूनमध्ये मात्र मी मिठाचा घाणा घालतच नाही. कोकणातला पाऊस आणि मीठ ह्यांच्यात साबणवालीने पडू नये. ज्या वड्या शिल्लक असतील त्या डब्यात तांदळात पुरून ठेवायच्या.

हे झालं साबणाचं. मिठाच्या पाण्याचं म्हणाल, तर त्याची बाजू साबणापेक्षा भक्कम आहे.

सलाइन म्हणून जे शिरेतून देतात, त्यात लिटरला नऊ ग्रॅम मीठ असतं. रक्ताशी मिळतंजुळतं प्रमाण, त्यामुळे उघड्या जखमेला ते झोंबत नाही. २०१५ मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. हाड मोडून कातडीबाहेर आलेल्या चोवीसशेहून अधिक रुग्णांच्या जखमा काहींच्या सलाइनने, काहींच्या साबणाच्या पाण्याने धुतल्या होत्या. त्यात भारतातलीही रुग्णालयं होती. वर्षभरात पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागलेल्यांचं प्रमाण साबणाच्या गटात १४.८ टक्के, सलाइनच्या गटात ११.६ टक्के. म्हणजे खोल जखमेशी गाठ पडली की साबण हरला आणि नुसतं खारं पाणी जिंकलं. साबण करणाऱ्या बाईने ही गोष्ट भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे. आमच्या आजीला ह्यातलं काही माहीत नव्हतं. पण गुडघा फुटला की ती आधी मिठाचं पाणी करायची, साबण नंतर, आजूबाजूचा मळ काढायला.

दुसरी गोष्ट मृत समुद्राची. समुद्रसपाटीच्या ४३० मीटरहून अधिक खाली असलेलं ते पाणी साध्या समुद्राच्या नऊ-दहापट खारट. सोरायसिसचे रुग्ण तिथे जाऊन पाण्यात डुंबतात आणि उन्हात पडून राहतात, आणि अनेकांना उतार पडतो. त्यात उन्हाचा वाटा मोठा आहे. पण नुसत्या पाण्याचाही गुण तपासला गेलाय. जर्मन त्वचारोगतज्ज्ञांनी २००५ मध्ये छापलेल्या अभ्यासात कोरड्या, खाजऱ्या त्वचेच्या लोकांनी एक हात मृत समुद्राच्या मिठाच्या पाच टक्के पाण्यात पंधरा मिनिटं आणि दुसरा नळाच्या पाण्यात बुडवला. खाऱ्या पाण्यातल्या हाताचा ओलावा वाढला, लाली कमी झाली. हा गुण बहुधा मॅग्नेशियमचा, आणि तो बुडवून ठेवण्याचा. मिनिटभर साबण लावून धुण्याचा नव्हे. गंमत अशी, की मृत समुद्राशी थोडंफार नातं सांगणारं पाणी आमच्या आगरातही आहे : तेच कडू पाणी, जे बांध फोडून खाडीत सोडून देतात.

म्हणून मी आता लोकांना साबणाबरोबर एक चिठ्ठी देते. पाय दुखत असतील, टाचा कडक झाल्या असतील तर पाच लिटर कोमट पाण्यात पन्नासेक ग्रॅम, म्हणजे एक मूठ, मीठ घाला. दहा-पंधरा मिनिटं पाय बुडवा. साध्या पाण्याने धुवा, टिपून घ्या आणि लगेच तेल लावा. जास्त मीठ घातलं म्हणून जास्त गुण येत नाही, उलट कातडीतलं पाणी ओढलं जातं. वेळागरच्या किनाऱ्यावर पोहून तसेच हॉटेलात जाऊन झोपणारे पर्यटक दुसऱ्या दिवशी अंग खाजवत दुकानात येतात, ते ह्याचमुळे. खारं पाणी अंगावर वाळू द्यायचं नसतं. आणि मधुमेह असेल तर पाय बुडवून बसूच नका. पायाची जाण गेलेली असू शकते, मग पाणी किती कढत आहे ते कळत नाही, आणि भिजून सुरकुतलेल्या कातडीला चीर पडली तर ती महिनोन्महिने भरत नाही. हे चिठ्ठीवर मी ठळक अक्षरांत लिहिते. “विषारी द्रव्यं बाहेर पडतात” हे वाक्य लिहावं म्हणून एका शहरी दुकानदाराने फार गळ घातली होती. ते काम मूत्रपिंडं आणि यकृत करतात, बादली नाही, असं म्हटल्यावर त्याने मागणी निम्मी केली.

कायदाही ह्यात आहे, आणि घरगुती साबणवाल्यांना तो बहुधा उशिरा कळतो. साबण विकायचा तर तो सौंदर्यप्रसाधनात मोडतो आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. स्वयंपाकघरात केला, बचत गटाचा आहे, म्हणून सूट नाही. आणि “इसब बरा होतो”, “सोरायसिस जातो” असं छापलंत तर तो साबण औषध होतो, त्याचे नियम निराळे. मला हा नियम आवडतो. प्रदर्शनात बाही वर करून चट्टे दाखवणारी माणसं येतात. थकलेली असतात, खूप डॉक्टर करून झालेले असतात, आणि पन्नास-शंभर रुपयांच्या वडीकडे ज्या आशेने बघतात ते बघवत नाही. अशा वेळी नियमाचा आधार घेऊन मला नाही म्हणता येतं. चिरलेल्या, स्रवणाऱ्या कातडीवर मीठ आणि अल्कली दोन्ही आग करतात. त्यांना मी त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवते आणि वडी विकत नाही. त्यावर एक बाई चांगल्याच चिडल्या होत्या. “तुमच्याच वस्तूवर तुमचा भरवसा नाही?” म्हणाल्या. भरवसा आहे, तिचं काम किती, ते ठाऊक आहे.

मिठाचं दुसरं टोक मी आगरावर बघते. मार्च-एप्रिलच्या उन्हात समुद्रापेक्षा कितीतरी पट खाऱ्या पाण्यात पाय ठेवून बायका लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढतात, टोपल्यांनी बांधावर आणतात. त्यांच्या तळव्यांना पडलेल्या भेगांत करंगळी मावेल. मिठाचा दाणा धारदार असतो, तो कापतो. कापल्या जागी कडू पाणी शिरतं. जखम भरायला सवड मिळत नाही कारण दुसऱ्या दिवशी परत तेच पाणी. कच्छच्या छोट्या रणात मीठ पिकवणाऱ्या अगरियांबद्दल म्हणतात की त्यांचे पाय चितेतही नीट जळत नाहीत, इतके ते मिठाने ताठरलेले असतात. आमच्याकडे हंगाम लहान, चारपाच महिन्यांचा, म्हणून पाय पावसाळ्यात थोडे सुधारतात. रबरी बूट कुणीतरी वाटले होते. बुटात पाणी शिरतं, चिखलात पाय रुततो, म्हणून ते घराच्या मांगरात पडून आहेत. रात्री त्या कोकमाचं मुठेल, म्हणजे बियांच्या घट्ट तेलाचा गोळा, पळीत गरम करतात आणि भेगांत थेंब थेंब सोडतात. चटका बसतो, पण भेग मऊ पडते आणि सकाळी पाय टेकवता येतो.

ज्या आगरातून मी मीठ घेते तिथल्या एका वयस्क बाईंना मी कौतुकाने माझी मिठाची वडी दिली. त्यांच्याच मिठाची, छान कागदात बांधलेली. त्यांनी ती उलटसुलट केली, खरखरीत कडेवरून अंगठा फिरवला आणि माझ्या पिशवीत परत ठेवली. “अगो बाय, मीठ आमच्या पायांक पुरे झाला. माका बिनमिठाचो दी.” तोवर माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं की मीठ ज्यांच्या हातून येतं त्यांना साबण लागणार तो वेगळाच. त्यांच्यासाठी मग मी खोबरेल निम्म्यावर आणलं, उरलेल्यात थोडं कोकमाचं तेल आणि बाकीचं एरंडेल-शेंगतेल घातलं. फेस कमी, वडी मऊ, दिसायला मातकट. प्रदर्शनात कुणी तिच्याकडे वळूनही बघत नाही. आगरावर मात्र ती मागून नेतात. आधी ह्या साबणाने पाय धुवायचे, मग मुठेल, असा त्यांनीच क्रम लावलाय.

आता जानेवारीत आगर सुरू व्हायच्या आत पहिला घाणा त्यांचा निघतो. पैसे त्या रोख देत नाहीत, मिठाच्या टोपल्यांत वळते करतात, आणि मापात नेहमी थोडं सढळ टाकतात. ते मीठ धुऊन, वाळवून, दळून त्याच्या पांढऱ्या वड्या मे महिन्यापर्यंत पुण्या-मुंबईला जातात.